हेल्मेटमधला हेडसेट: साधा ब्लूटूथ, इंटरकॉम की मेश?

हेल्मेटला हेडसेट लावायचा म्हटलं की चर्चा आवाज आणि रेंज यांच्यापासून सुरू होते. दुकानदारही तेच सांगतो: इतक्या मिलिमीटरचे स्पीकर, इतक्या किलोमीटरची रेंज. मुंबईत बाइक चालवणाऱ्याने आधी स्वतःला वेगळा प्रश्न विचारावा, असं माझं ठाम मत आहे. या हेडसेटवरून बोलायचंय कोणाशी? नुसता मॅपचा आवाज ऐकायचाय, मागे बसलेल्या माणसाशी बोलायचंय, की रविवारी सात-आठ गाड्यांच्या ग्रुपशी? या तीन गरजांना तीन वेगळे सेट लागतात, आणि त्यांच्या किमतीत दहापटीहून जास्त फरक पडतो. गरज न ठरवता दुकानात गेलं, तर एक तर पैसे फुकट जातात नाहीतर सहा महिन्यांत दुसरा सेट घ्यावा लागतो.

शिवाय मुंबईचा हिशेब वेगळा आहे. वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू, पुण्याचा एक्सप्रेसवे, म्हणजे सलग वेगात जाता येईल असे बहुतेक रस्ते दुचाकीला बंदच आहेत. आपल्या वाट्याला येतो एलबीएस रोड, एस. व्ही. रोड, घोडबंदर, जेव्हीएलआर. शहराबाहेर पडलं की जुना पुणे रस्ता, कसारा, माळशेज, नाहीतर गोव्याचा हायवे. शहरात सिग्नल ते सिग्नल, बाहेर घाट. परदेशी रिव्ह्यूंमध्ये मोकळ्या सपाट रस्त्यावर घेतलेल्या चाचण्या असतात. त्यातले आकडे आपल्या रस्त्यांवर जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

इअरबड्स घालून भागेल का?

बहुतेक जण सध्या तेच करतात. कानात इअरबड, वर हेल्मेट. पैसे वेगळे लागत नाहीत हे खरं, पण फुल फेस हेल्मेट डोक्यात चढवताना गाल-कानाची गादी बड फिरवून टाकते. अर्ध्या रस्त्यात तो टोचायला लागतो किंवा कानातून सुटतो, आणि चालत्या गाडीवर तो नीट करता येत नाही. वायरवाला इअरफोन असेल तर पट्टा लावताना वायर ओढली जाते. नॉइज कॅन्सलिंग चालू असेल, तर मागून येणाऱ्या बेस्टच्या बसचा आवाजही दबतो. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये कान हा तिसरा आरसा आहे, तो बंद करू नये. मागे बसलेल्याशी किंवा दुसऱ्या गाडीवाल्याशी बोलायची तर यात सोयच नाही. हेल्मेटचे स्पीकर कानाच्या भोकात जात नाहीत, कानासमोर थोडं अंतर राखून बसतात. त्यामुळे बाहेरचे आवाज कानावर येत राहतात. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी इअरबड्सच्या जागी दोन हजारांचा साधा सेट घ्यायला सांगेन.

एकट्याने ये-जा: साधा ब्लूटूथ सेट

₹२,००० ते ₹५,०००च्या आसपास असे भरपूर सेट मिळतात. ऑनलाइन मिळतात, लॅमिंग्टन रोडला मिळतात, कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवरच्या ॲक्सेसरीच्या दुकानांतही मिळतात. एक बॅटरीवालं युनिट, दोन चपटे स्पीकर, एक माइक, एवढाच संसार. ठाण्याहून बीकेसीला किंवा विरारहून अंधेरीला रोज एकट्याने जाणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

अशा माणसाला खरा फायदा गाण्यांचा नाही, मॅपचा होतो. गूगल मॅप्सचा दुचाकीचा मोड भारतात डिसेंबर २०१७मध्ये आला. तो निवडला नाही, तर मॅप कारचा रस्ता धरतो आणि आपल्याला बंद असलेल्या पुलाच्या तोंडाशी नेऊन उभं करतो. मोड बरोबर असला तरी मुंबईत अडचण असते ती फ्लायओव्हरची: वर चढायचं की खालून जायचं? अमर महालला किंवा माजिवड्याला हा निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागतो, आणि नेमका तेव्हाच डावीकडून टेम्पो घुसत असतो. स्क्रीनकडे बघायला वेळ कुठला? कानात आधीच सूचना आली, तर नजर रस्त्यावर राहते. मॅपचा आवाज मराठीतही लावता येतो. वर्दळीत आपल्या भाषेतली सूचना पटकन डोक्यात शिरते, लावून बघा.

यातून आणखी एक फायदा होतो, तो फोनचा. हँडलवर लावलेल्या फोनला इंजिनाचे हादरे सतत बसतात. ताकदवान मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं, अशी सूचना खुद्द ॲपलने सप्टेंबर २०२१मध्ये दिली होती. आवाज कानात येत असेल तर फोन खिशात ठेवता येतो, आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये. माउंटचा खर्च वाचतो, सिग्नलला कोणी फोन हिसकावून नेईल ही धास्तीही राहत नाही.

स्वस्त सेटमध्ये दोन गोष्टी तपासून घ्या. काही सेट आलेला फोन काही सेकंदांत आपोआप उचलतात. डिलिव्हरीचं काम करणाऱ्याला ते सोयीचं वाटेल, पण सायनच्या चौकात वळण घेताना अचानक कोणीतरी कानात बोलायला लागतं. ही सोय बंद करता येते का, ते आधी बघा. दुसरी गोष्ट बटणांची. ग्लोव्ह्ज घालून, न बघता, बोटाला कळतील अशी उठावदार बटणं हवीत. सपाट टच-पॅडवर पावसाचे थेंब पडले की तो मनाला येईल तसं वागतो.

मागे बसणाऱ्याशी बोलायचं असेल तर

जून २०२२पासून मुंबई ट्रॅफिक पोलिसांनी मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती कडक केली. चांगलंच झालं. पण दोन हेल्मेटं आली आणि नवरा-बायकोचं गाडीवरचं बोलणं जवळजवळ बंद झालं. आता खांद्यावर थाप मारायची, व्हायझर उचलायचा, मान मागे वळवून "काय?" म्हणायचं, आणि तेवढ्या वेळात गाडी वीस-तीस मीटर पुढे गेलेली असते. घरातलं कोणी रोज मागे बसत असेल, तर इंटरकॉम, म्हणजे एका हेल्मेटमधून दुसऱ्या हेल्मेटशी थेट बोलायची सोय, हा मला सुरक्षेचाच खर्च वाटतो.

इथे रेंजचा आकडा पूर्णपणे विसरायचा. दोन हेल्मेटांमध्ये अंतर असतं हातभर. तिथे १ किलोमीटरची रेंज आणि १०० मीटरची रेंज यांचं काम सारखंच. त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. पैसे द्या ते माइकसाठी. मागचा माणूस वाऱ्याच्या भोवऱ्यात बसतो, त्यातून पुष्कळांच्या मागच्या सीटचं हेल्मेट ओपन फेस असतं. हनुवटीपुढे आडोसा नसल्याने वारा थेट माइकवर येतो आणि पुढच्याच्या कानात नुसता घोंगाट पोचतो. अशा हेल्मेटला लवचीक दांडीचा बूम माइक लागतो, जाड स्पंजची टोपी घातलेला, ओठांच्या कडेला जवळजवळ टेकलेला. फुल फेसला मात्र हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटणारा छोटा वायरचा माइक बरा. बऱ्याच सेटांबरोबर दोन्ही माइक येतात. तुम्ही घेताय त्यात येतात का, ते विचारून घ्या.

नवख्यांच्या एक खर्च लक्षात येत नाही: इंटरकॉमला दोन युनिट लागतात. ₹८,०००चा सेट म्हणजे ₹१६,०००. दोन युनिट एकत्र असलेला ड्युओ पॅक बहुधा दोन सुट्या सेटांपेक्षा स्वस्त पडतो. दोन्ही एकाच कंपनीचे असतील तर उत्तम. वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट 'युनिव्हर्सल' पद्धतीने जोडता येतात. म्हणजे एक सेट दुसऱ्याला आपण फोन आहोत असं भासवतो, आणि मग खऱ्या फोनची जोडणी अडखळते. रोजच्या वापराला ते नको.

गाणी ऐकत ऐकत बोलायचं असेल तर एक मर्यादा माहीत असू द्या. ब्लूटूथमध्ये गाण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वेगळी असते. बोलण्याची वाट उघडली की आवाज एकेरी होतो, चपटा होतो. गाणं मागे हळू चालू ठेवून वर बोलणं ही सोय महागड्या सेटांमध्ये असते. स्वस्तात एक थांबतं तेव्हा दुसरं सुरू होतं. मला स्वतःला हे गैरसोयीचं वाटत नाही. बोलताना गाणं बंद झालेलंच बरं.

ग्रुप राइड: इथे मात्र मेश

साध्या ब्लूटूथ इंटरकॉमवर तीन-चार गाड्या जोडता येतात, पण साखळीने. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी. साखळीतला क्रम रस्त्यावरही टिकवावा लागतो. आगगाडीचा मधला डबा सुटावा तसं होतं: दुसरा गडी पेट्रोलला थांबला की पहिला एकीकडे आणि तिसरा-चौथा दुसरीकडे. पुन्हा जोडायचं तर कोणीतरी बटण दाबायचं, कधी कधी सगळ्यांनी थांबायचं. मुंबईतून पहाटे निघणाऱ्या ग्रुपचं हे रोजचं दुखणं आहे. माजिवड्याच्या सिग्नलला तिघे सुटतात, पाच जण लाल दिव्याला अडकतात, आणि खारेगावच्या पुढे जाईपर्यंत कोण कुठे आहे याचा कोणालाच पत्ता नसतो.

मेशमध्ये साखळी नसते, जाळं असतं. प्रत्येक हेडसेट आवाक्यातल्या सगळ्यांशी जोडलेला असतो आणि आलेला आवाज पुढे पोचवतो. एक जण बाहेर पडला की बाकीचे आपोआप दुसऱ्या वाटेने जोडले जातात, तो परत आवाक्यात आला की बटण न दाबता पुन्हा सामील होतो. मोटरसायकलच्या इंटरकॉममध्ये हे तंत्र कार्डो या कंपनीने २०१५मध्ये पॅकटॉक नावाच्या सेटमधून आणलं. सेना ही दुसरी हेडसेट कंपनीही नंतर त्यात उतरली. पॅकटॉकच्या गटात १५ गाड्या मावतात. सेनाच्या ५०एस या सेटमध्ये बंद गटाला २४ची मर्यादा आहे, शिवाय एक खुलं मेश आहे. त्यात आगाऊ गट बनवावा लागत नाही, सगळे एका चॅनलवर आले की झालं. दर वेळी नवी माणसं येणाऱ्या मोठ्या क्लबला खुलं मेश सोयीचं. ठरलेल्या मित्रांच्या ग्रुपला दोन्ही सारखेच.

घाटात मेशचा खरा उपयोग कळतो. हे सेट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, आणि या लहरी डोंगराच्या कड्याला अडतात. खोक्यावर लिहिलेली दीड-दोन किलोमीटरची रेंज मोकळ्या मैदानातली, समोरचा दिसत असतानाची असते. कसाऱ्याच्या वळणांवर दोन गाड्यांमध्ये दोनशे मीटरचं अंतर पडलं तरी मध्ये कडा आला की आवाज तुटतो. आता चार गाड्या धरा. पुढचा वळण घेऊन पलीकडे गेलाय, शेवटचा अजून अलीकडेच आहे, दोघे एकमेकांना दिसत नाहीत. पण मधला एक जण नेमका वळणाच्या तोंडावर आहे, त्याला दोघेही दिसतात. मेशमध्ये पुढच्याचा आवाज त्या मधल्याच्या हेल्मेटमधून उडी मारून शेवटच्याकडे जातो. "समोरून एसटी येतेय, आत राहा" हे तीन सेकंद आधी कळतं. माळशेजला पावसाळी धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसेनासा होतो, तिथे या तीन सेकंदांची किंमत मी पैशात करणार नाही.

याच उदाहरणातून मेश कोणी घेऊ नये तेही कळतं. दोनच गाड्या असतील तर मध्ये उडी मारायला कोणी नाही, म्हणजे जाळंच नाही. नवरा-बायको दोन वेगळ्या गाड्यांवर किंवा दोन मित्र कायम जोडीने जाणारे असतील, तर मेशसाठी दुप्पट-तिप्पट पैसे देऊ नयेत. मधल्या पट्ट्यातला चांगला ब्लूटूथ इंटरकॉम जवळजवळ तेवढंच काम देतो. तीन गाड्यांना मेश उपयोगी पडायला लागतो, पाच-सहाच्या पुढे तर त्याच्याशिवाय जमत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एका कंपनीचं मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी थेट बोलेलच असं धरून चालू नका. कार्डोवाला सेनाच्या गटात मेशने शिरू शकत नाही, त्याला कोणा एकाच्या ब्लूटूथचा आधार घेऊन लटकावं लागतं. म्हणून स्वतःची आवड बाजूला ठेवा आणि आपल्या ग्रुपमध्ये जास्त जणांकडे काय आहे ते विचारा. पाच जणांकडे एक ब्रँड असेल, तर सहाव्याने रिव्ह्यू वाचून दुसरा ब्रँड घेण्यात अर्थ नाही. ग्रुपच नवीन असेल आणि सगळ्यांना मिळून घ्यायचं असेल, तर बेंगळुरूच्या ब्लूआर्मरकडेही बघा. त्यांचं राइडग्रिड नावाचं स्वतःचं मेश आहे, आणि ते परदेशी मेशच्या मानाने बऱ्याच कमी किमतीत मिळतं. परदेशी कंपन्यांचे वरचे मॉडेल ₹३०,०००च्या पुढे जातात. सहा जणांच्या ग्रुपला हा फरक एका छोट्या गाडीएवढा पडतो. शिवाय दुरुस्तीला सेट देशाबाहेर जात नाही.

बसवण्यावर अर्धा आवाज अवलंबून

महागडा सेट चुकीच्या जागी बसवला तर तो स्वस्त सेटापेक्षा वाईट वाजतो, हे मी कळकळीने सांगतो, कारण दुकानात बसवून देणारा मुलगा घाईत असतो. घरी बसून करा. गालाच्या गाद्या काढा, कानाच्या जागी गोल खोबण आहे का बघा. हेल्मेट घालून खालून बोट सरकवत कानाचं भोक नेमकं कुठे येतं ते चाचपा, तिथे खडूने खूण करा. बहुतेकांचा कान खोबणीच्या मध्यावर येत नाही, थोडा पुढे-मागे असतो. स्पीकर त्या खुणेवर लावा. अर्धा-पाऊण सेंटिमीटर सरकवला तरी आवाजात जाणवण्याइतका फरक पडतो. स्पीकर कानाजवळ हवा, पण पाळीला दाबता कामा नये. अंतर जास्त असेल तर खोक्यात मिळणारी स्पंजची चकती मागे घाला. पाळी दाबली गेली तर पनवेल येईपर्यंत कान ठणकायला लागतो.

स्वस्तातल्या बऱ्याच हेल्मेटांना ही खोबण नसते. काहींच्या गाद्या चिकटवलेल्या असतात, निघतच नाहीत. जागा करण्यासाठी आतलं थर्माकोलसारखं अस्तर कापणं किंवा कवचाला भोक पाडणं हा प्रकार अजिबात करू नका. आपटल्यावर डोकं वाचवतं ते हेच अस्तर. १ जून २०२१पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तो मार्क मिळालेलं हेल्मेट कापून त्याचा उपयोग घालवायचा का? हेल्मेटला खोबण नसेल तर आधी हेल्मेट बदला, हेडसेट पुढच्या महिन्यात घ्या. खरेदीला जाताना स्वतःचं हेल्मेट सोबत न्या आणि स्पीकर आत धरून बघा.

ब्लूटूथ आतच बसवून मिळणारी हेल्मेटंही बाजारात आहेत. मी ती सुचवत नाही. बॅटरी दोन-तीन वर्षांत मंदावते, आणि मग चांगलं हेल्मेट नुसत्या बॅटरीपायी अडगळीत जातं. उलटही होतं: हेल्मेट एकदा जोरात आपटलं की ते बदलावं लागतं, आणि त्याबरोबर चालता सेट जातो.

पाऊस, कान आणि पोलीस

चार महिने पावसात चालवायचं तर आयपी६७ लिहिलेला सेट घ्या. याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरतो. कार्डोच्या पॅकटॉक आणि फ्रीकॉमला हा दर्जा आहे. स्वस्त सेटांवर नुसतं 'वॉटरप्रूफ' छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. दर्जा कुठलाही असो, चार्जिंगच्या भोकावरची रबरी झाकणी नीट दाबून बसवा आणि भिजून आल्यावर भोक कोरडं झाल्याशिवाय वायर लावू नका.

कानांचं थोडं सांगतो, कारण याकडे कोणी लक्ष देत नाही. ताशी ८०-१०० किलोमीटरला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो. कामाच्या जागी आवाज किती चालेल यासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने ८ तासांना ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ला जेमतेम १ तास. त्या वाऱ्यावर मात करायला आपण स्पीकर आणखी वाढवतो. नाशिकपर्यंत असं गेलं की संध्याकाळी कानात शिट्टी वाजते ती यामुळे. हायवेवर स्पंजचे इअरप्लग घालून हेडसेटचा आवाज मध्यम ठेवला, तर वारा दबतो आणि बोलणं उलट स्पष्ट ऐकू येतं. शहरात शिरल्यावर प्लग काढा.

मोटार वाहन कायद्याच्या १८४व्या कलमात २०१९च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात धरून फोन वापरण्याचा स्पष्ट उल्लेख आला. २०२०मध्ये नियमांत रस्ता शोधण्यापुरता वापर, तोही लक्ष न ढळता, मान्य झाला. हेल्मेटमधला सेट हातात धरायचा नसतो. तरी पोलिसाने थांबवलं तर कॉल चालू नसावा, आणि पोलीस नसला तरी चालू नसावा. मागे बसलेल्याला समोरचा खड्डा दिसतो, तो बोलता बोलता थांबतो. फोनवरच्या माणसाला खड्डा दिसत नाही. म्हणून इंटरकॉमवरचं बोलणं आणि फोनवरचं बोलणं मी एका तागडीत तोलत नाही. फोन आला तर गाडी कडेला घ्या, मग बोला.

सेकंडहँड घ्यायचा असेल तर विकणाऱ्याला सेट आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून आणायला सांगा, आणि दुसऱ्या हेडसेटशी जोडून अर्धा-पाऊण तास सलग बोलून बघा. मंदावलेली बॅटरी तेवढ्यात उघडी पडते. क्लँप, दोन्ही माइक आणि स्पीकरची वायर सोबत आहेत ना, तेही बघा. या सुट्या गोष्टी नंतर वेगळ्या घ्यायला गेलं की महाग पडतात.